पंपाच्या पोटातलं पाणी

आज सकाळी फोनवर हवामानाची सूचना आली, की उद्या पहाटे पारा शून्याच्या खाली उतरणार. मी चहा तसाच ठेवला, नवऱ्याचे बागेतले बूट पायात अडकवले आणि मागच्या दारी गेले. हीथ्रोजवळच्या हाउन्सलोतल्या आमच्या घरामागे जे आहे त्याला बाग म्हणायचं ते केवळ इथली रीत म्हणून. चार पावलं गवत, एक सफरचंदाचं हट्टी झाड, आणि जुनी शेड पाडून घातलेल्या फरशीवर स्टीलच्या चौकटीचा एक गोल तलाव. तो जमिनीत खणलेला नाही, जमिनीवरच उभा केलेला. छातीएवढं पाणी, आणि या काठापासून त्या काठापर्यंत पाचसहा पावलं. त्याच्या शेजारी खाली बसून मी पंपाचं बूच फिरवलं. पंपाच्या पोटातलं पाणी माझ्या बुटांवर सांडलं. लोटाभरसुद्धा नसेल.

दर ऑक्टोबरला मी हे करते आणि दर वेळी ते सांडलेलं पाणी बघत थोडा वेळ तिथेच बसते. थंडीत सगळं आक्रसतं. आपण आक्रसतो, कणीक आक्रसते, दाराच्या फळ्या आक्रसून फटी पडतात. एकटं पाणी तेवढं गोठताना फुगतं. असं का, हे मी वर्ध्याच्या शाळेत शिकले होते. पेपरात व्यवस्थित लिहिलं, गुण घेतले आणि विसरून गेले. बर्फ म्हणजे शेजाऱ्यांच्या फ्रिजमधला ट्रे, एवढीच ज्या गावाची ओळख, तिथे त्या वाक्याचा उपयोग तरी काय होता? त्याचा उपयोग मला पंचविसेक वर्षांनी कळला, तोही भलत्याच रीतीने, हा तलाव आल्यानंतरच्या बाबांच्या दुसऱ्या उन्हाळ्यात.

बाबा आता तिकडेच असतात, माझ्या भावाकडे. इतका लांबचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला आहे. पण तेव्हा ते दरवर्षी एप्रिलमध्ये यायचे आणि सप्टेंबरअखेर परत जायचे. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाच्या पंपहाउसवर त्यांनी सगळी नोकरी केली. पंपाच्या आवाजावरून त्याला काय दुखतंय ते सांगायचे. नदीचं पाणी उतरलं, पंपाने हवा धरली, की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं आणि बाबा सायकलवर निघायचे. पंपात वरून पाणी ओतून त्याचं पोट भरायचं आणि मगच बटण दाबायचं, हे मला बाराखडीच्या आधी येत होतं. कोरडा पंप चालवणारा माणूस त्यांच्या लेखी माणसातून उठलेला. ‘पंपाचं पोट कधी रिकामं ठेवू नाही,’ हे वाक्य आमच्या घरात देवाच्या आरतीइतक्या वेळा म्हटलं गेलं असेल.

तलाव आला तो त्यांच्या पायासाठी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि इथल्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं की पाण्यात चाला, रोज चाला, पाण्यात वजन पायावर येत नाही. सार्वजनिक तलावावर एकदा नेलं. तिथल्या ओल्या फरशीवर काठी टेकत जाताना त्यांना इतका संकोच झाला, की पाण्यात न उतरताच परत आले आणि गाडीत म्हणाले, “मी घरीच बरा.” मग मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हा जमिनीवरचा तलाव मागवला. त्या पहिल्या उन्हाळ्यात बाबा पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत सकाळी अकराला शिडीवरून आत उतरायचे. काठी बाहेर राहायची. डोक्यावरून हीथ्रोला उतरणारी विमानं जायची, इतकी खाली की त्यांची चाकं मोजता यावीत, आणि हे आपले कडेकडेने गोल फिरत असायचे. आधी काठ धरून, मग एका हाताने, मग कुठेच न धरता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. जमिनीवर दारापर्यंत यायला धाप लागणारा माणूस पाण्यात हात मागे बांधून, साहेबासारखा चालत होता.

पंप अर्थात त्यांच्या ताब्यात. तो आला त्या दिवशी त्यांनी त्यावर हात फिरवला, “प्लास्टिकचा हाय बाप्पा,” असं जरा निराशेने म्हटलं आणि मग त्याला आपलं मानून टाकलं.

सप्टेंबरात परत जायच्या आधी त्यांनी तलाव हिवाळ्यासाठी बंद केला. पाणी थोडं उतरवलं, वर ताडपत्री ओढून दोरीने आवळली. पंप सोडवून भिंतीशी ठेवला, आणि त्यात काठोकाठ स्वच्छ पाणी भरलं. बुचांना टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळून ती घट्ट बसवली. वर प्लास्टिक. त्यावर आमची जुनी रजई. त्यावर पुन्हा प्लास्टिक. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं त्यांनी ते सगळं नीट खोचून घेतलं. शेजारची मॉरीन कुंपणावरून बघत होती. तिने विचारलं, “तुम्ही तो घरात नाही का आणणार, लव्ह? फ्रॉस्टचं काय?” मी मोठ्या दिमाखात तिला सांगितलं, की माझ्या वडिलांची उभी हयात पंपांमध्ये गेली आहे. मॉरीन सभ्य बाई. ती “लव्हली” म्हणाली आणि आत गेली.

तलावासोबत आलेलं माहितीपुस्तक ड्रॉवरमध्ये होतं. त्यात हिवाळ्यावर एक अख्खं पान होतं. आमच्यापैकी कोणीही ते उघडलं नाही, कारण घरात बाबा असताना पंपाचं पुस्तक वाचणं म्हणजे त्यांच्यासमोर दुसऱ्या डॉक्टरला फोन लावण्यासारखं झालं असतं.

मार्चमध्ये एका उन्हाच्या दिवशी मी रजई उलगडली. पंपाच्या पोटाला खालून आडवी चीर गेली होती, सुरीने कापल्यासारखी सरळ. मला आधी काही कळेचना. हातोडा नाही, काही पडलेलं नाही, रजई जिथल्या तिथे. मग जानेवारीतला तो आठवडा आठवला, जेव्हा गवत दिवसभर पांढरं राहिलं होतं आणि गाडीची काच खरवडून खरवडून माझी बोटं बधिर झाली होती. त्यातल्या कुठल्यातरी एका क्षणी हे झालं असणार. मी तेव्हा काय करत होते? भाजी चिरत होते की फोनवर बाबांशीच बोलत होते, “इकडे सगळं ठीक आहे” असं? आवाज झाला असेल का? मला अजूनही ते जाणून घ्यावंसं वाटतं.

संध्याकाळी मिलिंद घरी आल्यावर त्याने ड्रॉवरमधलं पुस्तक काढून ते पान मोठ्याने वाचलं. सगळं पाणी काढून टाका. बुचं उघडी ठेवा. पंप शक्यतो घरात ठेवा. मिलिंद पुण्याचा, त्यामुळे वाचून झाल्यावर त्याने पुस्तकातली एक भाषिक चूकही काढली. मग म्हणाला, “रंजू, सरळ सांगून टाक त्यांना. आपणही वाचलं नव्हतं.”

“नाही सांगायचं,” मी म्हटलं. “आई गेली, सायकल गेली, पाय असा झाला. ह्या माणसाकडे आता एक पंप उरलाय. तोही चुकला म्हणून सांगू?”

आम्ही दोन गोळे मळून एक करायचं ते एपॉक्सी लावून पाहिलं. पाण्याचा दाब आला की चीर पुन्हा घामाघूम व्हायची. तेवढ्यात एप्रिल आला आणि बाबाही आले. विमानतळावर व्हीलचेअरमधून त्यांचा पहिला प्रश्न: “पंप काय म्हणून राहिला?” आणि मी, कसलाही विचार न करता, “कंपनीचा माल खराब निघाला हो बाबा, आपोआप तडकला,” असं सांगून मोकळी झाले.

त्या थापेने काय होईल असं मला वाटलं होतं? ते हळहळतील, आम्ही नवा सुटा भाग मागवू, संपलं. पण माझे वडील सरकारी पाणीपुरवठ्यातले होते, हे मी विसरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा, भिंग आणि टॉर्च घेऊन पंचनामा केला. “ओतकामातच खोट हाय,” असा निर्णय दिला. मग रेघांच्या कागदावर, सुबक इंग्रजीत, तीन पानी तक्रार लिहिली. सुरुवातीला आदरपूर्वक निवेदन, मध्ये चिरेची आकृती, शेवटी त्वरित कारवाईची अपेक्षा. मिलिंदने ती फोटोंसकट पाठवली. तो माझ्याकडे बघत नव्हता.

आणि मग सगळं थांबलं. मी म्हटलं, नवा भाग मागवू या. बाबा म्हणाले, “बिलकुल नाही. कंपनीचं उत्तर आल्याशिवाय पुराव्याले हात लावाचा नाही.” पंप तसाच फडक्यावर मांडून ठेवलेला. पंप नाही म्हणून पाणी फिरत नाही, पाणी फिरत नाही म्हणून ते हिरवं झालं, आणि हिरव्या पाण्यात कोण उतरणार? मे महिना आला. सफरचंदाला फुलं आली. बाबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून टपालाची वाट बघत होते, उत्तर ई-मेलने येणार हे सांगूनसुद्धा. गेल्या सप्टेंबरात ते जिन्याच्या बारा पायऱ्या एका दमात चढायचे, आता मध्ये थांबायला लागले. मग वर जाणंच टाळायला लागले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाय वाकवून पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हा सांधा आखडत चाललाय. आणखी दोन महिने असाच गेला तर परत मोकळा होईलच असं नाही.”

मी रोज ठरवायचे, आज सांगते. सकाळी चहा देताना सांगते. आणि ते म्हणायचे, “आलं का उत्तर?” त्या चेहऱ्यावर इतकी ताठ आशा असायची, न्याय मिळणाऱ्या माणसाची, की मी ‘नाही अजून’ म्हणून कप ठेवून निघायचे. मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी त्यांना जपते आहे. आज विचारलंत तर सांगते, मी भित्री होते. त्यांच्या चेहऱ्याला भीत होते, आणि त्याची किंमत त्यांचा पाय देत होता.

उत्तर आलं ते एका शनिवारी. बाबांनी मिलिंदला हाक मारली, “जावईबापू, वाचा. मोठ्यानं वाचा.” मिलिंदने वाचलं. पत्र अतिशय गोड होतं. आकृतीबद्दल त्यांचं विशेष कौतुक केलं होतं. आणि शेवटी एकच प्रश्न: गोठणाऱ्या थंडीच्या आधी पंपातलं पाणी काढलं होतं का? कारण अशी चीर पाणी गोठून फुगल्यावर येते.

वरून दोन विमानं गेली. मग बाबांनी विचारलं, “पाणी? पाणी फोडते?” आणि काठी घेऊन स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, आता माणूस खचला. मी मागोमाग धावले. बाबा कपाटातून जॅमच्या रिकाम्या बरण्या काढत होते.

तीन बरण्या. दोन काठोकाठ भरल्या, एक अर्धी, आणि तिन्हींची झाकणं घट्ट लावली. भरलेल्यांपैकी एक पांघरुणाशिवाय ठेवली, दुसरी माझ्या लोकरी मफलरमध्ये गुंडाळली. तिन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत घालून मटारची पाकिटं बाजूला सारून फ्रीजरमध्ये ठेवल्या. आणि खुर्ची ओढून फ्रीजसमोर बसले. दर अर्ध्या तासाने दार उघडायचे, बोटाने चाचपायचे, कागदावर वेळ लिहायचे. जेवणही तिथेच. मी “बाबा, सारखं दार उघडलं तर गोठणार कसं?” म्हटलं तर “हो, थे बी खरं,” म्हणून दर तासावर आले. दुपारी कधीतरी आतून एक बारीक ‘टक्’ ऐकू आलं आणि ते असे दचकून उठले, की काठी घ्यायचं विसरले. पांघरूण नसलेली भरलेली बरणी तडकली होती. संध्याकाळी मफलरमधलीही तडकली. अर्धी भरलेली मात्र साबूत. त्यातल्या बर्फाचा माथा थोडा वर आला होता, एवढंच.

“पाह्य रंजू! पाह्य!” त्यांनी मफलर सोडवून काचेचे दोन तुकडे टेबलावर जुळवून दाखवले. “मले वाटे पांघरूण ऊब देते. नाही देत. आपली ऊब आपल्याले परत देते फक्त. पंपाले कुठची आली ऊब? थो तर निर्जीव.” मग स्वतःशीच हसत म्हणाले, “चाळीस वर्षं पोट भरत राहिलो, अन् इथं थेच त्याच्या जिवावर आलं.” मी इतकं हसू त्यांच्या तोंडावर आई गेल्यानंतर पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं. सुटले एकदाची, असं वाटलं.

आणि मग त्यांनी त्याच आवाजात विचारलं, “तुले माहीत होतं?”

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. “हो.”

“कधीपासून?”

“मार्चपासून.”

त्यांनी काचेचे तुकडे एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले. “पंप माह्या हातानं फुटला, त्याचं काही नाही,” ते म्हणाले. “लोखंडाचे फुटलेत माह्याच्यानं. पण तू मले काऊन नाही सांगतलं? तुले वाटलं, म्हातारा रडन. याले आता नवीन काही समजणार नाही, असं वाटलं तुले.”

“तसं नाही बाबा, तुम्हाला वाईट वाटलं असतं...”

“वाटलंच असतं ना. एक दिवस वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी बरणी घेतली असती.”

मी ओट्याशी उभी राहून रडले. त्यांनी मला थांबवलं नाही, समजूतही काढली नाही. तो सगळा वेळ ते कागदावरच्या वेळा पुन्हा तपासत होते.

सोमवारी नवा भाग, म्हणजे पंपाचं बाहेरचं पोट, मागवला. तो आला तेव्हा बाबांनी फरशीवर चादर अंथरली, जुन्या पंपाची मोटर सोडवली, आतलं पाणी फेकणारं चक्र काढून ब्रशने घासलं, नवी सील बसवली, आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी मिलिंदकडून पुस्तकातलं वाक्य वाचून घेतलं. एका ठिकाणी पुस्तक चुकतंय असं त्यांचं मत पडलं, आणि मिलिंदने ते आनंदाने मान्य केलं. जूनच्या मध्यावर पाणी निवळलं. बाबा शिडीवरून उतरले तेव्हा पाय इतका आखडला होता की मी आणि मिलिंद दोघांनी धरून उतरवलं. पहिले दोन आठवडे काठ सुटला नाही. तिसऱ्या आठवड्यात एक हात सुटला. दुसरा हात त्या वर्षी पुरता सुटलाच नाही. बोटांची टोकं काठावर राहायचीच. ते कुणीही मला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मीच इथे लिहिते आहे.

सप्टेंबरात त्यांनी पुन्हा तलाव बंद केला. या वेळी पाणी पाइपांच्या तोंडाखाली उतरवलं. पाइप सोडून, उभे धरून, फुंकून रिकामे केले. पंप उलटा करून गदागदा हलवला आणि शेवटचा थेंब येईपर्यंत तसाच धरायला लावला. काढलेली बुचं हरवू नयेत म्हणून पंपाच्याच जाळीत ठेवली. हे त्यांना मॉरीनने शिकवलं. बाबांनी ते दोनदा विचारून घेतलं आणि तिला वाकून “थँक यू, मॅडम” म्हटलं. ताडपत्रीखाली त्यांनी अर्धवट फुगवलेली एक रबरी उशी तरंगत सोडली. बर्फ फुगला की उशी दबते, तलावाच्या भिंतींवर जोर येत नाही. “बर्फाले जागा दिली की थो भांडत नाही,” असं मला समजावताना ते लहान मुलासारखे खूश होते. पंप उचलून आम्ही जिन्याखालच्या कपाटात ठेवला, रजईशिवाय.

मग बागेतल्या दोन खुर्च्यांवर आम्ही बसलो. दुपारचं कोवळं ऊन होतं, परवा त्यांचं विमान. बाबांनी हात पुसले, ताडपत्रीची गाठ एकदा लांबूनच न्याहाळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “अन् काय काय लपवलं माह्यापासून?”

“काही नाही हो.”

ते नुसते बसून राहिले. रागावलेले नव्हते. फ्रीजसमोर बसले होते ना, अगदी तसे. आणि मी सांगायला लागले. की पंप फुटला त्या हिवाळ्यात माझी नोकरी गेली होती. कार्गोचं आमचं अख्खं ऑफिस बंद झालं होतं. तीन महिने मी घरीच होते आणि रोज सकाळी तुमचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी ऑफिसचा शर्ट घालून, केस विंचरून बसत होते. खाली पायजमा असायचा. फोन ठेवला की शर्ट काढून पुन्हा पांघरुणात शिरत होते.

मला वाटलं, आता ते म्हणतील, अरेरे. किंवा विचारतील, आधी का नाही बोललीस.

बाबांनी खुर्ची थोडी माझ्याकडे वळवली. “मंग?” ते म्हणाले. “मंग काय केलं तू?”